दहा पैशांची चार रूपे

दुर्मीळ साल, चुकलेला ठसा, राणीचा मुकुट यांच्या मागे लागलेल्या संग्राहकांना दहा पैशांचे नाणे म्हणजे डब्याच्या तळाचा गाळ वाटतो. मला विचाराल तर स्वातंत्र्यानंतरच्या महागाईवर याच्याइतके चोख लिहिलेले दुसरे काही नाही. १९५७ पासून १९९८ पर्यंत हे नाणे पडत राहिले. एवढ्या काळात त्यावरचा दहाचा आकडा जागचा हलला नाही. धातू मात्र तीनदा बदलला. आकडा सरकारने लिहिला, धातू बाजारभावाने.

पहिले रूप १ एप्रिल १९५७ चे. तांबे-निकेलचे, पाच ग्रॅमचे, २३ मिलिमीटर रुंदीचे, कडेला पाकळ्या. ही पाकळ्यांची कड जुन्या एक आण्याकडून आलेली. अंधारात बटव्यात हात घातला तरी बोटांना नाणे ओळखू यावे, ही त्यामागची सोय. मुंबईच्या टांकसाळीतले असेल तर सालाखाली हिऱ्याच्या आकाराची इवलीशी खूण. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला आकडा आणि वर ‘रुपये का दसवाँ भाग’. नाण्याला आपली ओळख अशी शब्दांत करून द्यावी लागली, कारण घेणाऱ्याच्या डोक्यात अजून सोळा आणेच होते. आण्यांचे नये पैसे करण्याच्या कोष्टकात एक आण्याचे सहा नये पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. दहाचा मेळ कुठेच बसत नाही. पंचवीस आणि पन्नास पैसे ‘चाराणे’, ‘आठाणे’ म्हणून अंधेरी-बोरिवलीच्या भाजीबाजारात पुढे कित्येक वर्षे चालले. दहा पैशाला आण्यातले नाव मिळाले नाही. माझ्या लेखी दशमान पद्धतीचे खरे अपत्य तेच.

दुसरे रूप दिसायला सगळ्यांत देखणे आणि म्हणूनच थोडे फसवे. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले, ४.७६ रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांना पडू लागला. निकेल परदेशातून आणायचे, तेव्हा नाण्यात ते भरभरून घालणे परवडेनासे झाले. १९६८ मध्ये दहा पैसे निकेल-पितळेचे झाले : पिवळेधमक, रुंदी तीच, वजन सव्वाचार ग्रॅमच्या आसपास. त्याच वर्षी कमळाचे वीस पैसेही आले. ही पिवळी नाणी जेमतेम चार वर्षे पडली. घराघरांत पूजेच्या ताटात जाऊन बसली ती मात्र हीच.

खरा रस तिसऱ्या रूपात आहे. १९७१ मध्ये ॲल्युमिनियम आले. वजन २.३ ग्रॅम, म्हणजे मूळच्या निम्म्याहून कमी. रुंदी मात्र २६ मिलिमीटर. ऐपत आटलेल्या माणसाने दोन मापे मोठा कोट घालून लग्नाला जावे, तसे हे नाणे हातात येते. मुलुंडच्या घरी ओट्याच्या कडप्प्यावर मी ही दोन नाणी एकामागून एक टाकून ऐकतो. १९५७ चे वाजते, उडते, पुन्हा वाजते, फिरत फिरत थांबते. ॲल्युमिनियमचे ‘टक्’ करते आणि गप्प बसते. रुपयाची क्रयशक्ती कशी घटली याचे आलेख पुष्कळ आहेत. ती कानाने कळते ती इथे.

या फुटकळ धातूवर सरकारला नेमक्या याच दशकात बोलावेसे वाटले, ही तर बहारच. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला आणि १९७३ च्या पन्नास पैशांवर ‘ग्रो मोअर फूड’ असे आवाहन आले. १९७४ मध्ये दहा पैशांवर आटोपशीर कुटुंब आणि ‘प्लॅन्ड फॅमिलीज : फूड फॉर ऑल’. सर्वांना अन्न! १९७४-७५ मध्ये घाऊक किमती वर्षभरात सुमारे पंचवीस टक्क्यांनी चढल्या होत्या. १९७४ च्या जुलैत सरकारने महागाई भत्त्याच्या वाढीपैकी निम्मी रक्कम सक्तीने ठेवीत टाकायला लावली. भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांतल्या कामगाराला भत्ता वाढल्याचे कागदावर दिसे, हातात मात्र अर्धाच पडे.

नाण्याने ज्यांना अन्नाचे आश्वासन दिले, त्यांचे उत्तर रस्त्यावर आले. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि वेगवेगळ्या पक्षांतल्या त्यांच्या सहकारी बायकांनी १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. गोडेतेल, रवा, साखर, रॉकेल हे त्यांचे विषय. थाळी आणि लाटणे ही त्यांची वाद्ये. या आंदोलनावर राजकीय अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातली ध्वनीची योजना अचूक वाटते. ज्या वर्षांत बटव्यातली चिल्लर वाजायची बंद झाली, त्याच वर्षांत ताटे वाजू लागली. हा योगायोग असेल. तरी वाचताना तो मी सोडणार नाही.

पुढची सालेही अशीच वाचावीत. १९७७ च्या दहा पैशांवर ‘सेव्ह फॉर डेव्हलपमेंट’, म्हणजे बचतीचा उपदेश, आणि तोही अशा नाण्यावर की जे साठवून ठेवले तर वर्षागणिक विरत जाणार. १९७८ च्या नाण्यावर ‘फूड अँड शेल्टर फॉर ऑल’. गिरगाव-परळची खोली सोडून बोरिवली-मुलुंडकडे ब्लॉक शोधायला निघालेल्या माणसाने हे नाणे तिकिटाच्या खिडकीवर सरकवले असेल तेव्हा त्याने मजकूर वाचला नसेल. बरेच झाले.

एक गोष्ट या चार रूपांत कुठेच सापडत नाही, आणि तिची अनुपस्थितीही वाचण्यासारखी आहे. १९७५-७६ मध्ये घाऊक किमती चक्क उतरल्या, साधारण एक टक्क्याने. पीक चांगले आले होते, पैशाचा पुरवठा आवळला होता, शिवाय आणीबाणीचा वचक होता. पण भाव उतरले म्हणून नाण्यात निकेल परत आले नाही. १९७६ चे दहा पैसे ॲल्युमिनियमचेच, अन्नाबरोबर आता सर्वांना कामाचेही आश्वासन देणारे. धातू उतरतो तो उतरतोच. भाडे उतरले तर तेवढे तरी टिकावे, तर तेही नाही : जुलै २०१९ मध्ये बेस्टने बसचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाचवर आणले, घाटकोपर-अंधेरीच्या थांब्यांवर रांगा वाढल्या, आणि मे २०२५ मध्ये तेच भाडे दहा झाले.

चौथ्या रूपाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. १९८८ चे स्टेनलेस स्टील, १६ मिलिमीटर, दोन ग्रॅम. पाकळ्या गेल्या, ‘दसवाँ भाग’ गेला, कुटुंब गेले; उरला नुसता आकडा. शर्टाच्या बटणाशी गल्लत व्हावी एवढा जीव. वाण्याने सुट्ट्याऐवजी गोळी हातावर ठेवायला सुरुवात केली होती, तेव्हा या नाण्याला काम तरी कुठे उरले होते! ३० जून २०११ रोजी पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली, तोवर दहा पैसे गेल्याचे दुःख करायला कोणी शिल्लक नव्हते.

या नाण्याची गोडी लागली की रुपयाकडेही त्याच नजरेने पाहावे, कारण रुपया तीच वाट चालतो आहे, फक्त मागून. १९६२ चा निकेलचा रुपया दहा ग्रॅमचा. १९७५ मध्ये तांबे-निकेलचा, आठ ग्रॅम. ऐंशीच्या दशकात सहा. १९९२ मध्ये स्टील, ४.८५ ग्रॅम. २०११ मध्ये ३.७९. अलीकडच्या मालिकेतला तर तीन ग्रॅमच्या आसपास. काटा घरात असेल तर तपासून पाहा : आजचा अख्खा रुपया १९५७ च्या ‘दसव्या भागा’पेक्षा हलका भरतो.