लीपमध्ये हरवलेली वर्षे : दूरचित्रवाणी मालिकांतील किशोरवयीन विद्यार्थी आणि वास्तव

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील किशोरवयीन मुलांच्या चित्रणाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा दोन आक्षेपांपाशी थांबते. मुलांचे कपडे व वागणे पाश्चात्त्य दाखवले जाते, हा पहिला. शाळेत अभ्यास सोडून बाकी सर्व घडते, हा दुसरा. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु ही मुले पडद्यावर आहेतच, हे दोन्हींत गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचीच तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. नागपुरातील मराठी कुटुंबात मराठी व हिंदी वाहिन्या सारख्याच पाहिल्या जातात. त्यामुळे विवेचनासाठी दोन्ही भाषांतील मालिका घेतल्या असून आवश्यक तेथे चित्रपटांचा तुलनेसाठी आधार घेतला आहे.

विवाहकथेतील अडचणीचे वय

१९९० मध्ये दूरदर्शनवर 'गोट्या' ही मालिका आली. ना. धों. ताम्हनकरांच्या कथांवर आधारलेल्या या मालिकेचे दिग्दर्शन राजदत्त यांचे होते. पोरक्या मुलाचा स्वाभिमान हा तिचा विषय. गोट्या आजच्या अर्थाने बंडखोर नाही, आणि त्याच्या भोवतीचे जग काहीसे जास्तच सज्जन आहे. परंतु कथेच्या केंद्रस्थानी शाळकरी मुलगा होता आणि त्याचे प्रश्न त्याच्याच वयाचे होते. मालिका मर्यादित भागांची असल्याने त्याला घाईने मोठे करण्याची गरज कोणाला पडली नाही.

दैनंदिन मालिकांनी हे चित्र बदलले. या मालिकांचा आस विवाह हा आहे : विवाहापूर्वीचे अडथळे आणि विवाहानंतरचे घर. लहान मूल या रचनेत सामावते, कारण ते निरागस असते आणि मोठ्यांच्या भांडणात साक्षीदार म्हणून उपयोगी पडते. वीस-बावीस वर्षांची तरुणी तर नायिकाच असते. मधल्या पाच-सहा वर्षांचे काय करायचे, याचे उत्तर म्हणजे मालिका-व्यवसायात ज्याला 'लीप' म्हणतात ती कालउडी. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'बालिका वधू'ने बालविवाहासारखा गंभीर विषय हाती घेतला. अविका गोर हिने साकारलेली लहानगी आनंदी प्रेक्षकांच्या मनात ठसली. २०१० मध्ये कथेने उडी घेतली आणि आनंदीच्या भूमिकेत प्रत्युषा बॅनर्जी आली. बालवधूच्या आयुष्यातील अत्यंत बिकट काळ, म्हणजे शरीर बदलते, शाळा सुटते आणि नाते उमगू लागते तो काळ, नेमका या उडीत गेला. सामाजिक प्रश्न म्हणून ज्याची जाहिरात झाली, त्याचा गाभाच वगळला गेला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

येथे कायद्याच्या अडचणीचा मुद्दा मांडला जाऊ शकतो. बालकामगारविषयक अधिनियमाच्या २०१७ मधील सुधारित नियमांनुसार चौदा वर्षांखालील बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही. दीर्घ पाळ्यांच्या चित्रीकरणात हे बंधन जाचक आहे, यात शंका नाही. तथापि, ज्यांना हे बंधन लागू आहे ती लहान मुले मालिकांत विपुल आहेत. ज्यांना ते लागू नाही अशी चौदा ते अठरा वयाची मुलेच दिसत नाहीत. याचा अर्थ कारण कायद्यात नसून कथेत आहे.

'हायस्कूल' नावाची आयात

जेथे किशोरवयीन मुले खरोखर केंद्रस्थानी आली, त्या मालिकांचा विचार आता करू. १९९८ मध्ये झी टीव्हीवर आलेली 'हिप हिप हुर्रे' आणि २००४ मध्ये स्टार वनवर आलेली 'रीमिक्स' या त्यांपैकी दोन ठळक मालिका. पहिलीत निश्चितच प्रामाणिकपणा होता. मैत्रीतील अवघडलेपण, पालकांशी होणारे खटके तिने संयमाने हाताळले. दुसरी मूळ अर्जेंटिनातील मालिकेवर बेतलेली होती आणि तिची श्रीमंती तशीच परकी राहिली.

दोन्हींत अकरावी-बारावीच्या वयाची मुले गणवेशात, शाळेच्या आवारात आहेत. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याचे असे आयुष्य नसते. १०+२ आकृतिबंधानुसार दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली, तेव्हापासून आपल्याकडे शाळा पंधरा-सोळाव्या वर्षी संपते. गणवेश सुटतो, दहा वर्षांची मैत्री गुणवत्ता यादीनुसार विखुरते आणि मूल अशा संस्थेत येते जिला धड शाळा म्हणता येत नाही, धड महाविद्यालयही नाही. पडद्यावरील 'हायस्कूल' हे ज्या सलग चार वर्षांवर उभे असते, ती आपल्या मुलांना मिळतच नाहीत. वास्तवाशी तुलना करताना कपड्यांकडे पाहणाऱ्या समीक्षेने ही रचनेतील विसंगती लक्षात घेतलेली दिसत नाही.

गांधीबागेतील उदाहरण घेऊ. ठोक कापडबाजाराच्या या वस्तीत अकरावीतला मुलगा सकाळी शिकवणी वर्गाला जातो, संध्याकाळी वडिलांच्या दुकानात गठ्ठे मोजतो किंवा उधारीची वही सांभाळतो. घरी एक भाषा, गिऱ्हाइकाशी दुसरी, मित्रांशी हिंदी-मराठीची नागपुरी मिसळण. महाविद्यालयात त्याचे नाव आहे. तो कधी दिसतो, कधी नाही. विज्ञान शाखेत ही अनुपस्थिती इतकी वाढली की २०१८ मध्ये राज्य शासनाला कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. रिकाम्या बाकांसमोर तास घेतलेल्या कोणत्याही प्राध्यापकाला या विषयाचे नाट्य समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. प्रवेशाच्या फेऱ्यांची वाट पाहणारे घर, एकाच संकुलात उरकलेले महाविद्यालय व शिकवणी, दोन्हींच्या शुल्काचा हिशेब : यावर उभी राहिलेली मराठी मालिका प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

२०१९ मधील 'कोटा फॅक्टरी' या विषयाच्या सर्वांत जवळ जाते. ती वाहिनीवरील नव्हे, आंतरजालावरील मालिका. म्हणजेच रोजच्या भागाच्या सक्तीतून मुक्त. तिचा नायक वैभव इटारसीचा, आपल्याच रेल्वेमार्गावरचा. वर्गांच्या तुकड्यांची उतरंड, खानावळ, अपुरी झोप हे तपशील अचूक आहेत आणि कृष्णधवल छायाचित्रणाने ते अधिक बोचतात. परंतु जीतू भैया हे आदर्श शिक्षकाचे पात्र मालिकेला सोपी वाट काढून देते. व्यवस्था क्रूर असली तरी एक चांगला शिक्षक पुरेसा आहे, असा दिलासा ती प्रेक्षकाला देते, आणि ज्या शाळेत ही मुले कागदोपत्री शिकतात ती शाळा अदृश्यच राहते.

भाषेचा प्रश्न

भाषेबाबत थोडक्यात नोंद पुरेशी आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६–२०२१) मधील राधिकेच्या तोंडी नागपुरी बोली आली, हे स्वागतार्हच. परंतु वैदर्भी बोलीकडे मराठी वाहिन्या प्रामुख्याने विनोदाचे साधन म्हणूनच पाहत आल्या. त्या बोलीत एखादी सोळा वर्षांची मुलगी गंभीरपणे प्रेमाविषयी किंवा नापास होण्याविषयी बोलते आहे, असा प्रसंग आठवून पाहिल्यास आठवत नाही.

चित्रपटाने केले ते

मराठी लेखक-दिग्दर्शकांना हे वय कळत नाही, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'दहावी फ' (२००२) मध्ये गुणांनुसार मुलांच्या तुकड्या पाडणारी शाळा आहे, आणि 'फ' तुकडीतील मुलांचा संताप त्या पद्धतीतूनच आलेला दिसतो. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरील सुजय डहाके यांचा 'शाळा' आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग दाखवतो. त्यातील कोवळेपणा थोडा अधिकच सुरेख केला आहे, हे नमूद करावे लागेल. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१४) जब्या ज्या शाळेत शिकतो, तिच्याच भिंतीवर समाजसुधारकांची चित्रे आहेत आणि त्याच भिंतीजवळून त्याला डुक्कर वाहून न्यावे लागते. वर्गातील मुलांनी त्याला पाहणे, हाच त्याच्या किशोरवयाचा मुख्य अनुभव आहे. जात वगळून शालेय जीवनाचे वास्तव चित्रण करता येते, या समजुतीला तो प्रसंग पुरेसे उत्तर देतो.

या सर्व चित्रपटांत मुलांच्या भूमिका मुलांच्याच वयाच्या नटांनी केल्या आहेत. ही बाब किरकोळ नाही. अमेरिकेतील 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०' १९९० मध्ये सुरू झाली, तेव्हा त्यातील शाळकरी अँड्रियाची भूमिका करणारी गॅब्रिएल कार्टेरिस एकोणतीस वर्षांची होती. प्रौढ देह किशोराचे दुःख बोलू लागला की ते दुःख आपोआप प्रौढ होते, आणि खऱ्या सोळा वर्षांच्या प्रेक्षकाला आपलेच शरीर अपुरे वाटू लागते.

चित्रपट दोन-अडीच तासांचा असतो. मालिकेकडून ही अपेक्षा रास्त आहे काय, असे विचारले जाईल. बीबीसीची 'ग्रेंज हिल' १९७८ पासून २००८ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, सर्वसामान्य सरकारी शाळेतील मुलांवर चालली. १९८६ मध्ये तिने एका विद्यार्थ्याचे हेरॉइनचे व्यसन दाखवले. मुले मोठी झाली की शाळा सोडून जात आणि नवी येत. कथेला उडी घ्यावी लागत नसे, कारण कथेचा आस कुटुंब नसून शाळा हा होता. मार्च २०२५ मधील 'ॲडोलेसन्स' या चार भागांच्या ब्रिटिश मालिकेत तेरा वर्षांच्या मुलाच्या गुन्ह्याचा शोध शाळेच्या वर्गांतून फिरतो आणि तेथील शिक्षकांनाही मुलांच्या जगाची भाषा कळत नाही, हे निर्दयपणे दिसते.

'ग्रेंज हिल'मागे सार्वजनिक प्रसारणसंस्था होती. आपल्याकडे शालेय वयाच्या प्रेक्षकासाठी शासनाने उभारलेली बालचित्रवाणी १९८४ पासून पुण्यात होती. तिचे काम मुख्यतः पाठ्यपुस्तकाला पूरक कार्यक्रमांचे. कथात्म मालिकेची अपेक्षा तिच्याकडून फारशी केली गेली नाही. तरीही स्टुडिओ, तंत्रज्ञ आणि शिक्षकांशी असलेला संबंध या तिन्ही गोष्टी तिच्याजवळ होत्या. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. त्याच वर्षी नागपुरात अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सुरू झाले.