स्वतःच्या मालकीची लय

गीतकार-गायिका गिलियन वेल्च हिचा 'टाइम (द रेव्हलेटर)' हा अल्बम २००१ साली तिच्या व डेव्हिड रॉलिंग्सच्या स्वतःच्या 'अकोनी' कंपनीने काढला. ही स्वायत्तता केवळ व्यवहारापुरती नाही, ती ऐकूही येते, असे मला वाटते. बहुतेक गाणी नॅशव्हिलच्या स्टुडिओ 'बी'मध्ये, एल्विसच्या जागी, ध्वनिमुद्रित झाली, पण ड्रमशिवाय. दोन आवाज, गिटार, बँजो, एवढाच ऐवज. अखेरचे गाणे चौदा मिनिटांहून लांब. पहिल्यांदा तो संथपणा मलाही जड गेला. 'एव्हरीथिंग इज फ्री'ने त्याचा उलगडा केला. इंटरनेटवर संगीत फुकट झाले, तर कलावंताने राबायचे कोणासाठी, असे ते गाणे विचारते. कोणाच्याही सोयीसाठी न आखडलेली ही लय मला त्याचे उत्तर वाटते.