आठवणींची लय

एखाद्या वाद्यरचनेविषयी बोलताना लय, पट्टी आणि भाव यांची तीन वेगळी खाती मांडण्याची आपल्याला सवय आहे. फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) या स्पॅनिश गिटारवादकाची ‘रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा’, म्हणजे ‘आलाम्ब्राच्या आठवणी’, ही रचना ती सवय मोडावयास लावते. गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर रचलेली ही लहानशी कृती आज गिटारवादकांची कसोटी होऊन बसली आहे. बंगळुरातही तिची वाहवा होते. परंतु ती बहुधा वेगाची असते. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

तारेगाने लयीसाठी ‘आंदान्ते’ हा शब्द योजिला आहे. आंदान्ते म्हणजे चालती लय. सावकाश, न रेंगाळता पावले टाकणाऱ्या माणसाची. आवर्तन तीन मात्रांचे. प्रत्येक अर्ध्या मात्रेत चार आघात: पहिला अंगठ्याचा, पुढचे तीन अनामिका, मध्यमा आणि तर्जनी यांचे. म्हणजे एका आवर्तनात २४ आघात. त्यांपैकी ६ अंगठ्याचे, १८ बोटांचे. मिनिटाला ६० मात्रांची संथ चाल धरली, तरी सेकंदाला ८ आघात पडतात. कान या दाटीलाच लय समजतो. तबल्यावर चौपट वाजली म्हणून विलंबित ख्याल द्रुत होत नाही, हे पक्के ठाऊक असलेला रसिकही येथे फसतो.

वस्तुतः त्या १८ आघातांचे काम अगदी नम्र आहे. गिटारचा स्वर छेडल्या क्षणापासून विझू लागतो. व्हायोलिनप्रमाणे तो गजाने लांबविता येत नाही. विझणारा स्वर पुनःपुन्हा उजळून तो अखंड असल्याचा भास निर्माण करावयाचा, एवढ्याचसाठी ही दाटी. आघात मोजता येईनासे व्हावेत आणि गाणे तेवढे उरावे, हे तिचे साफल्य. वादक वेगाच्या हौसेने ते आघातच पुढे आणतो, तेव्हा समईऐवजी वातच मिरविल्यासारखे होते. या रचनेची खरी चाल अंगठ्यात आहे. श्रोत्याने खालच्या तारांकडे कान द्यावा. तेथे कोणी तरी शांतपणे चालत असल्याचे त्याला जाणवेल.

आता पट्टी. पहिला भाग ए मायनरमध्ये आहे, दुसरा ए मेजरमध्ये. आपल्या पेटीवर ‘ए’ म्हणजे पांढरी सहा. तो षड्ज मानला, तर गिटारच्या सर्वांत खालच्या दोन मोकळ्या तारा पंचम आणि षड्ज देतात. तंबोऱ्याची जोड जणू वाद्याच्या अंगातच बसविलेली आहे! तेव्हा ही पट्टी केवळ सोयीची नव्हे. वाद्याचा सबंध देह तिच्यात बोलू लागतो.

कोटे हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीच्या कचेऱ्या ऐकलेल्या बंगळुरकराला पुढची गोष्ट सहज पटेल. पहिल्या भागात कोमल गांधार, कोमल धैवत आणि वर ओढ घेणारा शुद्ध निषाद आहेत. ही मुख्यतः कीरवाणीची छाया. भातखंड्यांच्या दहा थाटांत हिला जागा नाही, पण कर्नाटक पद्धतीत तो एकविसावा मेळ आहे. दुसऱ्या भागात गांधार व धैवत शुद्ध होतात आणि शंकराभरणम्, म्हणजे आपला बिलावल, उघडतो. अर्थात हे राग नव्हेत. स्वरसंघातांच्या पाश्चात्त्य चौकटीतच ही रचना चालते. तथापि मर्म आपल्या कानाला ओळखीचे आहे: षड्ज हललेला नाही. मनुष्य त्याच जागी उभा आहे. पालटला तो उजेड.

म्हणूनच मायनर म्हणजे दुःख आणि मेजर म्हणजे आनंद, हे शाळकरी समीकरण येथे अपुरे पडते. कोणी या रचनेत ग्रानादाच्या राजवाड्यातील कारंजी ऐकतात. ऐकावीत, परंतु शीर्षक कारंज्यांचे नाही, आठवणींचे आहे. १४९२ मध्ये ग्रानादाचे मुस्लिम राज्य संपले. राजवाडा मागे राहिला. अशा वास्तूची आठवण म्हणजे निव्वळ शोक नव्हे. भरताने स्मृतीला स्थायी भावांत बसविले नाही. तेहतीस व्यभिचारी भावांत तिची गणना केली. ती येते, एखाद्या स्थायी भावाला रंग देते आणि जाते. पहिल्या भागात ती शोकाला स्पर्श करते. दुसऱ्यात तीच आठवण तक्रार सोडून देते. रचना पुन्हा मायनरकडे वळते खरी, पण तिचा शेवट मेजरमध्ये होतो. गेलेले परत आलेले नसते. ते गेले, हे मनाने स्वीकारलेले असते.

बृहन्महाराष्ट्रातील आम्हां मराठी माणसांना या कृतीचे अगत्य वाटावे ते यासाठी. गाव सुटलेल्यांच्या लेखनात आठवणींना तोटा नाही. परंतु आमची बहुतेक स्मरणे पहिल्या भागातच अडकून पडतात. घर तेच, नदी तीच, हळहळही तीच. षड्ज न सोडता गांधार शुद्ध करण्याचे धैर्य आमच्या गद्यात क्वचितच दिसते. वादकाने ही रचना सावकाश वाजवावी, असा आग्रह आम्ही धरतो तो केवळ शिस्तीसाठी नव्हे. धावत्याला तो पालटणारा उजेड दिसत नाही, चालत्यालाच दिसतो.