मृताच्या संग्रहाचे मूल्य आणि मूल्यनिर्धारण : बाल्झाकच्या 'कझिन पाँस' या कादंबरीचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिच्या मालमत्तेची यादी करणे आणि यादीतील प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहिणे, ही वरवर पाहता निव्वळ प्रशासकीय बाब वाटते. प्रोबेटच्या कामकाजात ती वकील, निष्पादक आणि मूल्यनिर्धारक यांच्याकडे सोपविली जाते. जमीन, रोखे, बँकेतील ठेवी यांच्या बाबतीत हे काम फारसे अवघड नसते. परंतु मृत व्यक्ती संग्राहक असेल आणि तिच्यामागे चित्रे, हस्तलिखिते, नाणी किंवा दुर्मीळ ग्रंथ राहिले असतील, तर 'किंमत' या शब्दाचा अर्थच संदिग्ध होतो. ही संदिग्धता कादंबरीच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या लेखकांमध्ये ओनोरे द बाल्झाक (१७९९-१८५०) याचे स्थान महत्त्वाचे आहे. त्याची 'कझिन पाँस' ही कादंबरी १८४७ मध्ये प्रसिद्ध झाली. 'कझिन बेट' (१८४६) या कादंबरीसह ती 'गरीब नातेवाईक' या जोडकृतीचा भाग आहे. मैत्रीची करुण कथा किंवा लोभाचे चित्रण म्हणून तिचा विचार केला जातो. प्रस्तुत लेखात तिचा विचार मूल्यनिर्धारणाची कादंबरी म्हणून केला आहे.

कथानकाची रूपरेषा

कथेचा आरंभ ऑक्टोबर १८४४ मधील पॅरिसमध्ये होतो. सिल्व्हँ पाँस हा वृद्ध संगीतकार एका नाट्यगृहाच्या वाद्यवृंदाचा संचालक आहे. तरुणपणी शिष्यवृत्तीवर रोमला गेला असताना त्याला कलावस्तूंचे वेड लागले. चाळीस वर्षांच्या अवधीत त्याने जवळजवळ एकोणीसशे वस्तूंचा संग्रह जमविला. श्मुके या भोळ्या जर्मन पियानोशिक्षकासह तो एका साध्या घरात राहतो. न्यायाधीश कामुझो द मारव्हिल यांच्या कुटुंबाशी त्याचे दूरचे नाते आहे, परंतु त्या घरी त्याची किंमत आयत्या जेवणावर येणारा पाहुणा एवढीच आहे. त्यांच्या मुलीसाठी त्याने सुचविलेले स्थळ मोडते, त्याचा ठपका त्याच्यावर येतो आणि अपमानाने खचलेला पाँस अंथरूण धरतो.

येथून पुढे मूल्यनिर्धारणाला सुरुवात होते आणि ती संग्राहक जिवंत असतानाच होते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. इमारतीची द्वाररक्षिका मादाम सिबो, जुन्या वस्तूंचा व्यापारी रेमोनांक, चित्रांचा जाणकार विक्रेता एली माग्युस आणि वकील फ्रेझिए हे सारे आजाऱ्याच्या खोलीभोवती घोटाळू लागतात. पाँस आपल्या मृत्युपत्राने श्मुकेला वारस करतो. तथापि मृत्यूनंतर घराला मोहोर लागते, नातेवाईक दावा दाखल करतात आणि मृताच्या मनावर गैरवाजवी दबाव आणल्याचा आरोप वाचून श्मुके कोसळतो. थोड्याच दिवसांत त्याचाही अंत होतो. संग्रह अखेर प्रतिष्ठित पोपिनो घराण्याच्या दालनात जातो.

मूल्याचे चार मापदंड

कादंबरीत एकाच संग्रहाला चार वेगवेगळे मापदंड लावलेले दिसतात.

पहिला मापदंड संग्राहकाचा. कोणत्याही वस्तूसाठी शंभर फ्रँकपेक्षा अधिक द्यायचे नाहीत, हा पाँसचा नियम आहे. त्याच्या दृष्टीने वस्तूचे मूल्य शोधात, ओळखण्यात आणि रोजच्या सहवासात आहे. विक्रीचा विचारही त्याला शिवत नाही.

दुसरा मापदंड नातेवाइकांचा. पाँस न्यायाधीशाच्या पत्नीला वात्तोने रंगविलेला पंखा भेट देतो, तेव्हा तिला त्या चित्रकाराचे नावही ठाऊक नसते. पंख्याचा संबंध मादाम द पोंपादूरशी आहे असे कळल्यावर मात्र तो मिरविण्याजोगा ठरतो. वात्तो १७२१ मध्ये मरण पावला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोंपादूरचा जन्म झाला. म्हणजे वात्तोने तो तिच्यासाठी रंगविला असणे शक्य नाही. फार तर तो पुढे तिच्या हाती आला असेल. वस्तूपेक्षा वस्तूला चिकटलेले नाव अधिक मोलाचे ठरते, ही गोष्ट या प्रसंगातून स्पष्ट होते.

तिसरा मापदंड व्यापाऱ्याचा. माग्युसला चित्रे खरोखर कळतात. तो त्यांच्यापुढे थक्क होतो आणि त्याच क्षणी ती स्वस्तात मिळविण्याचा बेत आखतो. आजारपणाच्या खर्चाची सबब सांगून मादाम सिबो भोळ्या श्मुकेकडून काही निवडक चित्रांच्या विक्रीला संमती मिळविते. यादी होण्यापूर्वीच संग्रहातील उत्तम ते बाहेर पडते.

चौथा मापदंड कायद्याचा. मोहोर लावणारे अधिकारी कोणाचेही शत्रू नाहीत. ते आपले काम नियमाप्रमाणे करतात. परंतु कायदा येतो तो सर्वांत शेवटी. त्याच्यापुढे जे उरले आहे त्याचीच नोंद तो करू शकतो. जे आधीच गेले त्याला यादीत रकाना नाही.

श्मुकेजवळ यांपैकी एकही मापदंड नाही. त्याला त्या वस्तू प्रिय आहेत त्या केवळ पाँसला प्रिय होत्या म्हणून. कायदेशीर वारस तोच. आणि वारशात काय मिळाले हे न कळणाराही तोच. कादंबरीतील शोकांतिका या विसंगतीत आहे.

कादंबरीची मर्यादा आणि तिचे मर्म

या कादंबरीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. एली माग्युसचे चित्रण करताना बाल्झाक ज्यू व्यापाऱ्याविषयीच्या तत्कालीन पूर्वग्रहांचा सर्रास आधार घेतो. आजच्या वाचकाला ते खटकल्याशिवाय राहत नाही. मादाम सिबोच्या लोभाला तो जितक्या विस्ताराने उघडे पाडतो, तितके उच्चवर्गीय न्यायाधीश कुटुंबाला पाडत नाही, असाही आक्षेप घेता येईल. मात्र शेवटच्या प्रसंगात न्यायाधीशाची पत्नी परदेशी पाहुण्यापुढे आपल्या 'प्रिय' नातेवाइकाची आठवण काढते, तेव्हा तिच्या प्रतिष्ठेवरचा उपरोध पुरेसा धारदार होतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न पाँसच्या निरपराधपणाचा आहे. हजार फ्रँकची वस्तू दहा फ्रँकला मिळविणे हा पाँसचा आनंद होता. विकणाऱ्याच्या अज्ञानावरच त्याचा संग्रह उभा राहिला. पुढे श्मुकेच्या अज्ञानावर तोच संग्रह लुटला गेला. पाँस लोभी नाही हे खरे. परंतु त्याने आपले ज्ञान कोणालाही दिले नाही. संग्रह त्याने लोकांच्या नजरेपासून दूर ठेवला. त्यामुळे त्याच्या मृत्यूबरोबर त्या वस्तूंची ओळखही जवळजवळ संपली. ज्ञान एका पक्षाकडे आणि हक्क दुसऱ्या पक्षाकडे असला, की मूल्यनिर्धारणात अन्यायाला वाव मिळतो, हे या कादंबरीचे मर्म म्हणता येईल.

कायद्याच्या संदर्भात

कादंबरीतील व्यवस्था फ्रान्समधील आहे. परंतु तिने उपस्थित केलेला प्रश्न भारतीय कायद्यालाही लागू पडतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३१७ नुसार प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत निष्पादकाने मालमत्तेची संपूर्ण आणि खरी यादी न्यायालयात सादर करावयाची असते, तर वर्षभरात हिशेब द्यावयाचा असतो. मुंबई, कोलकाता व चेन्नई या क्षेत्रांतील विशिष्ट मृत्युपत्रांसाठी असलेली प्रोबेटची सक्ती २०२५ च्या सुधारणेने रद्द झाली. प्रोबेट घेण्याची तरतूद मात्र कायम आहे. १९५३ ते १९८५ या काळात भारतात लागू असलेल्या मृत्युकराच्या कायद्यात वस्तूचे मूल्य म्हणजे मृत्यूसमयी खुल्या बाजारात तिला येणारी किंमत, असे सूत्र होते.

'खुला बाजार' ही संकल्पना किती डळमळीत आहे, हे अमेरिकेतील एका प्रकरणातून दिसते. कलाविक्रेत्या इलियाना सोनाबेंड २००७ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या संग्रहात रॉबर्ट राउशनबर्ग यांची 'कॅनियन' (१९५९) ही कलाकृती होती. तिच्यात पेंढा भरलेला गरुड असल्याने वन्यपक्षी संरक्षणाच्या कायद्यांनुसार तिची विक्री निषिद्ध होती. वारसांच्या मूल्यनिर्धारकांनी तिची किंमत शून्य ठरविली. कर खात्याने ६ कोटी ५० लाख डॉलर. २०१२ मध्ये तडजोड होऊन ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाला देण्यात आली. दोन्ही आकडे तज्ज्ञांचेच होते. विक्री शक्य आहे असे धरायचे की नाही, एवढ्या एका गृहीतकाने त्यांच्यात हे अंतर पडले.

निष्कर्ष

१) संग्रहाचे मूल्यनिर्धारण मृत्यूनंतर सुरू होत नाही, आजारपणातच त्याला प्रारंभ होतो. म्हणून मृत्यूनंतरची यादी हा पुरेसा आधार ठरू शकत नाही.

२) मूल्यनिर्धारक आणि संभाव्य खरेदीदार एकच असू नये. माग्युसचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

३) मृत्युपत्राने हक्क देता येतो, ओळख देता येत नाही. वस्तू कोठून आली, कोणाची, किती अस्सल, याची नोंद संग्राहकाने स्वतःच करून ती वारसाच्या हाती देणे आवश्यक आहे.

तिसरा मुद्दा महाराष्ट्रातील अभ्यासकांनाही जवळचा आहे. आयुष्यभर जमविलेले ग्रंथ, टिपणे आणि हस्तलिखिते मालकामागे रद्दीच्या वजनाने विकली जातात, तेव्हा घरच्यांचा लोभ क्वचितच कारणीभूत असतो. बहुधा त्यांना काही सांगितलेलेच नसते. याउलट पुण्याचे दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी आपला संग्रह १९७५ मध्ये, हयातीतच, महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द केला. वस्तूंची ओळख सांगणारा माणूस त्यानंतरही पंधरा वर्षे हयात होता. पाँसला हे साधले नाही. स्वतः हौशी संग्राहक असलेल्या बाल्झाकलाही ते साधले नाही. १८८२ मध्ये त्याच्या पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांच्या घरातील वस्तू विखुरल्या गेल्या. यादीतील आकडा कायदा लिहून घेऊ शकतो. त्या आकड्यामागची माहिती मात्र जाणाऱ्याने आधीच लिहून ठेवावी लागते.