गोदामं भरली होती, पण कोणासाठी? गव्हाच्या निर्यात-सवलतीचा हिशेब

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली होती. धान्य गोदामात सडण्यापेक्षा स्वस्तात परदेशी विकलं, तर बिघडलं कुठे? प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर 2000 मध्ये केंद्र सरकारनेही हाच युक्तिवाद केला आणि अन्न महामंडळाचा गहू निर्यातदारांना सवलतीत द्यायला सुरुवात केली.

आता दर बघा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला रेशनवर गहू किलोला 4 रुपये 15 पैसे. निर्यातदारालाही जवळजवळ त्याच भावात. आणि रेषेच्या वर नोंद झालेल्या कुटुंबाला? 8 रुपये 30 पैसे, म्हणजे बरोबर दुप्पट! त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने या वरच्या गटाचं अनुदान काढून घेतलं होतं. मग रेशनचा आणि बाजाराचा भाव जवळपास सारखाच झाला, आणि लोकांनी रेशनचा गहू उचलणंच सोडलं. उचल थांबली, खरेदी मात्र हमीभावाने चालूच. जुलै 2002 मध्ये साठा 600 लाख टनांच्या वर होता. त्या तारखेला हवा होता 243 लाख टन. याला आपण ‘शिल्लक’ म्हणायचं. देश पोटभर जेवून उरलेलं धान्य नव्हतं हो ते, परवडत नाही म्हणून मागे राहिलेलं होतं.

साठवणुकीचा खर्च खोटा नाही. व्याज, भाडं, नासाडी, सगळं खरं. पण पोतं गोदामाबाहेर पडलं की तो खर्च वाचतो. मग ते बंदरावर जावो की दुष्काळी गावातल्या रोजगाराच्या कामावर. निर्यातीच्या समर्थकांनी ही बचत फक्त निर्यातीच्याच खात्यावर मांडली. माझा आक्षेप नेमका इथे आहे. ‘देशात स्वस्त दिलं तर बाजारभाव पडेल’ ही शंका मात्र मी उडवून लावत नाही. पण ज्याच्या खिशात गहू विकत घ्यायला पैसेच नाहीत, त्याला मजुरी म्हणून धान्य दिल्याने बाजारातलं गिऱ्हाईक फारसं कमी होत नाही.

याच काळात, एप्रिल 2001 मध्ये, राजस्थानातल्या उपासमारीचा आणि भरलेल्या गोदामांचा प्रश्न घेऊन पीयूसीएल सर्वोच्च न्यायालयात गेली. 28 नोव्हेंबरला न्यायालयाने शाळांत शिजवलेलं मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला. निर्यातीची सवलत 2003 पर्यंत चालली. आणि 2006 मध्ये याच सरकारी यंत्रणेने सुमारे 55 लाख टन गहू परदेशातून मागवला. मधल्या वर्षांतलं घटलेलं उत्पादनही त्याला कारण होतं, हे मान्य. पण आधी विकलेल्या गव्हाच्या फाइलवर ही आयात कोणी खर्च म्हणून लिहिली नाही.