शेअर बाजाराचा खेळ : धडा एक, बक्षीस दुसऱ्यालाच

अमेरिकेतल्या शाळांमधून १९७७ सालापासून ‘स्टॉक मार्केट गेम’ नावाचा एक खेळ खेळला जातो. मुलांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला कागदावरचे एक लाख डॉलर द्यायचे आणि बाजारातील खऱ्या भावांनी काही आठवडे समभागांची खरेदी-विक्री करू द्यायची. मुदत संपली की ज्याची रक्कम सर्वाधिक वाढली तो गट पहिला. आपल्याकडेही काही महाविद्यालयांच्या संमेलनांत असे खेळ भरतात. शेकडेवारी, आलेख, वर्तमानपत्राचे अर्थविषयक पान वाचण्याची सवय, या सर्वांसाठी खेळ चांगला आहे, याविषयी दुमत नाही. आमचा आक्षेप आहे तो विजेता ठरवण्याच्या पद्धतीवर.

खेळाआधी मुलांना जो धडा दिला जातो त्याचे मुख्य सूत्र असे, की सगळा पैसा एका कंपनीत घालू नये, निरनिराळ्या उद्योगांत विभागावा. हे सूत्र गणिताच्या भाषेत नीट मांडले हॅरी मार्कोविट्झ यांनी, १९५२ साली. त्याबद्दल त्यांना १९९० सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. (ज्वारीत तुरीच्या ओळी घालणाऱ्या आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला यातले मर्म त्याआधीपासून ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी.) आता प्रश्न असा, की हे सूत्र पाळणारा गट खेळात पहिला येतो का? बहुधा येत नाही. का येत नाही, हे वर्गात एका तासात दाखवता येते.

समजा, वर्गात ४० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाकडे कागदावरचे १०० रुपये. छापा पडला तर लावलेल्या रकमेवर २० टक्के नफा, काटा पडला तर १० टक्के तोटा. निम्म्या विद्यार्थ्यांनी सर्व रक्कम एकाच नाण्यावर लावावी. उरलेल्या निम्म्यांनी दहा-दहा रुपये करून दहा नाण्यांवर लावावी. सरासरी नफ्याची अपेक्षा दोघांचीही सारखीच, ५ टक्के. पण एका नाण्यावर विसंबलेल्याला तोटा होण्याची शक्यता ५० टक्के आहे, तर दहा नाणीवाल्याची केवळ १७ टक्के. शंभरातल्या सुमारे ८९ वेळा दहा नाणीवाला १ टक्का तोटा ते ११ टक्के नफा यांच्या दरम्यान राहील. विद्यार्थ्यांनी हे आकडे द्विपद विस्तारावरून स्वतः काढून पाहावेत.

मग सर्वांचे निकाल उतरत्या क्रमाने फळ्यावर लिहावेत. वरचे दहाएक विद्यार्थी एका नाण्यावर खेळलेलेच निघतील, कारण दहा नाणीवाल्याला २० टक्के मिळवायचे तर दहाही छापे पडायला हवेत, आणि ती शक्यता १०२४ त एक. तळाचे दहाएकही एका नाण्यावरचेच असतील. ज्यांनी धडा पाळला ते सारे मध्ये. बक्षीस मात्र फक्त वरच्यांना मिळते आणि तळाच्यांची नावे कोणी वाचून दाखवत नाही. मुले हुशार असतात. दुसऱ्या वर्षी ती सर्वांत बेभरवशाचा समभाग शोधून सगळी रक्कम त्यावर लावतात, आणि या नियमांपुरते त्यांचे बरोबरच असते!

खऱ्या बाजारात याची किंमत काय पडते? एन्रॉन हे नाव दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे आपल्या परिचयाचे आहे. या कंपनीचा समभाग २००० साली ८७ टक्के वाढला. त्याच वर्षी अमेरिकी बाजाराचा निर्देशांक सुमारे १० टक्के उतरला होता. त्या वर्षी ज्या गटाने एन्रॉनवर सगळी रक्कम लावली असती त्याला टाळ्या मिळाल्या असत्या. ऑगस्ट २००० मध्ये ९० डॉलरच्या आसपास असलेला तो भाव नोव्हेंबर २००१ च्या अखेरीस एका डॉलरच्या खाली आला. कंपनीच्या अनेक कर्मचाऱ्यांची निवृत्तीची बचत बव्हंशी याच समभागात होती. नोकरी आणि बचत त्यांनी एकदमच गमावली.

एका कंपनीत ठरावीक टक्क्यांहून अधिक रक्कम घालू नये, असा नियम करून भागेल असे काहींना वाटते. ते पुरेसे नाही. मुले पाच बँका निवडतील आणि विविधता साधली म्हणतील. दहा नावे म्हणजे दहा नाणी नव्हेत. व्याजदर वाढले की पाचही बँकांवर एकदमच परिणाम होतो. शिवाय सारा बाजारच कोसळतो तेव्हा वेगवेगळे उद्योगही फारसे तारत नाहीत. २००८ साली मुंबईचा सेन्सेक्स वर्षभरात सुमारे ५२ टक्के उतरला, आणि त्यात तर ३० निरनिराळ्या कंपन्या होत्या! नाण्यांच्या प्रयोगाची ही मर्यादा शिक्षकांनी स्वतःहून सांगावी, कारण पाठ्यपुस्तके ती सहसा सांगत नाहीत.

नफ्याला चढउताराने भागून क्रम लावावा, ही सूचना तत्त्वतः योग्य आहे, पण दहा आठवड्यांच्या दहा आकड्यांवरून कौशल्य आणि नशीब वेगळे करता येत नाही. आमच्या मते ताज्या भावांचा हट्टच सोडावा. (आपल्याकडे अशा आभासी खेळांना ताजे भाव पुरवू नयेत, असे ‘सेबी’ने मे २०२४ मध्ये शेअर बाजारांना बजावले.) जुने भाव वापरावेत, कंपन्यांची नावे झाकून फक्त उद्योग सांगावा, आणि प्रत्येक गटाकडून निवडीची कारणे आधी लिहून घ्यावीत. मग तोच संच २००७, २००८ आणि २००९ या तिन्ही वर्षांतून न्यावा. सेन्सेक्स पहिल्या वर्षी सुमारे ४७ टक्के चढला, दुसऱ्या वर्षी वर सांगितल्याप्रमाणे उतरला आणि तिसऱ्या वर्षी ८१ टक्के चढला. तिन्ही मिळून १०० रुपयांचे किती झाले, हे आधी मुलांना तोंडी विचारावे. ४७ उणे ५२ अधिक ८१ म्हणजे १७६ असे उत्तर हमखास येते. खरे उत्तर १२७ च्या आसपास आहे. पहिल्या वर्षी पहिला आलेला गट दुसऱ्या वर्षी कितवा आला तेही फळ्यावर लिहावे. बक्षीस द्यायचेच असेल तर ते तिसऱ्या वर्षानंतर द्यावे.