अंडरशाफ्ट, केलर आणि पुलगाव

युद्धसामग्रीचा कारखानदार ज्यांच्या केंद्रस्थानी आहे अशी दोन नाटके इंग्रजी रंगभूमीवर विशेष गाजली. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे ‘मेजर बार्बारा’ १९०५ साली लंडनला प्रथम रंगले. आर्थर मिलर यांचे ‘ऑल माय सन्स’ १९४७ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आले. बुद्धीच्या झळाळीत शॉ यांचे नाटक सरस आहे, हे आम्हांस मान्य आहे. तथापि विदर्भाच्या मातीत बसून ही दोन्ही नाटके वाचली, की त्यांची प्रतवारी उलटी लागते. तसे का व्हावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शॉ यांचा अँड्र्यू अंडरशाफ्ट तोफा आणि दारूगोळा विकून गडगंज झाला आहे. त्याची कन्या बार्बारा मुक्तिफौजेत मेजर असून लंडनच्या गोरगरिबांत सेवा करते. मुक्तिफौजेचा निवारा पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात असताना एक दारूभट्टीवाला देणगी देऊ करतो आणि तेवढ्याच रकमेची भर अंडरशाफ्ट घालतो. संस्था ती देणगी आनंदाने स्वीकारते. बार्बारा आपल्या गणवेषावरील बिल्ला काढून पित्याच्या कोटाला लावते. नाटकातील हा सर्वोच्च क्षण होय. यहूदाने परत फेकलेली तीस नाणी रक्ताचे मोल म्हणून मंदिराच्या भांडारात घालण्यास प्रमुख याजकांनी नकार दिला आणि त्यांतून कुंभाराचे शेत विकत घेतले, हा मत्तयकृत शुभवर्तमानातील प्रसंग ज्यांना ठाऊक आहे, त्यांना बार्बाराची वेदना समजावून सांगावी लागत नाही. प्रभूला मृत्युदंडास धाडणाऱ्या याजकांनाही त्या पैशाचा विटाळ वाटला होता!

परंतु शॉ येथे थांबत नाहीत. तिसऱ्या अंकात अंडरशाफ्टची नीटनेटकी कामगारवसाहत पाहून बार्बारा तेथेच कार्य करावयाचे ठरवते. जो प्रामाणिक मोल देईल त्याला शस्त्र द्यावे, माणूस पाहू नये, तत्त्व पाहू नये, हा अंडरशाफ्टचा धर्म नाटकात जवळजवळ बिनविरोध उभा राहतो. (गमतीची गोष्ट अशी, की १९२५ सालचे नोबेल पारितोषिक शॉ यांना मिळाले तेव्हा त्यांनी सन्मान घेतला, रक्कम मात्र स्वतःसाठी न ठेवता स्वीडिश साहित्याच्या इंग्रजी भाषांतराकडे वळवली. ती संपत्ती स्फोटकांचीच होती.)

आमचा आक्षेप नीतीपुरता नसून वास्तवदर्शनाचाही आहे. अंडरशाफ्ट उजळ माथ्याने विकतो. म्हणूनच तो आकर्षक वाटतो. प्रत्यक्षातील व्यापार अंडरशाफ्टचाच धर्म पाळतो, पण कागदाच्या आडून. ज्या बोफोर्सचे नाव आपल्याकडे दलालीमुळे घरोघरी पोचले, त्याच कंपनीने स्वीडनचा कायदा डावलून आपली क्षेपणास्त्रे सिंगापूरमार्गे आखाती देशांत धाडली होती. कागदोपत्री गिऱ्हाईक एक, माल पोचला दुसरीकडे. इंगवार ब्राट नामक कंपनीच्याच एका अभियंत्याने हे उघडकीस आणले. आज आपण विकणाऱ्यांच्या रांगेत आहोत. २०२४-२५ साली भारताची संरक्षण-निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. भारतीय तोफगोळे युरोपीय खरेदीदारांच्या हातून युक्रेनच्या रणांगणावर पोचल्याचे वृत्त रॉयटर्सने २०२४ च्या सप्टेंबरात दिले, आणि परराष्ट्र मंत्रालयाने ते तर्काधिष्ठित व दिशाभूल करणारे म्हणून फेटाळले. खरेखोटे काहीही असो. अंतिम वापराचे प्रमाणपत्र हा एक कागद आहे आणि गोळ्याच्या मागोमाग तो कागद प्रवास करीत नाही. १९९४ साली परमगुरुपीठाच्या न्याय व शांती परिषदेने शस्त्रव्यापारावर जे निवेदन काढले, त्यात शस्त्र ही इतर मालासारखी वस्तू नव्हे, असे बजावले आहे. अंडरशाफ्टला नेमके हेच अमान्य आहे.

कागदाआडचे हे जग मिलर यांना ठाऊक होते. ओहायो राज्यातील एका कारखान्याने सैन्याच्या तपासनिसांशी संगनमत करून सदोष विमान-इंजिने पास करवून घेतल्याच्या बातमीतून त्यांना हे नाटक सुचले. जो केलर तडे गेलेले भाग झाकून रवाना करतो. एकवीस वैमानिक प्राणास मुकतात. शिक्षा भोगतो भागीदार. केलर हा राक्षस नव्हे. अंगणात बसून शेजारच्या मुलांशी खेळणारा प्रेमळ बाप आहे तो. ‘जे केले ते घरासाठी केले’ हीच त्याची सबब. अंडरशाफ्टपाशी तत्त्वज्ञान आहे, केलरपाशी कुटुंब. आणि आमच्या अनुभवास येणारा लाचखाऊ मनुष्य बहुधा दुसऱ्या जातीचा असतो. तो देवाला भिणारा, लेकीच्या लग्नाची चिंता वाहणारा असतो.

येथे पुलगावची आठवण अटळ आहे. वर्धा जिल्ह्यातील या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर आग भडकली. दोन लष्करी अधिकारी व अग्निशमन दलाच्या जवानांसह १९ जण मृत्यू पावले. पुढे सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरलेल्या स्फोटकाकडे बोट दाखवले गेले. सदोष दारूगोळ्यापायी २०१४ पासूनच्या सहा वर्षांत ९६० कोटी रुपये वाया गेले, असा लष्कराच्या एका अंतर्गत अहवालाचा निष्कर्ष २०२० मध्ये वृत्तपत्रांत आला. निर्माणी मंडळाने तो मानला नाही. हाताळणी आणि देखभालीतील उणिवा पुढे केल्या. भागीदाराकडे बोट दाखवणारा केलर आम्हांला आठवला, तो या जागी. याच मंडळाच्या माजी महासंचालकांना केंद्रीय अन्वेषण विभागाने २००९ साली लाचखोरीच्या आरोपावरून अटक केली होती, आणि त्या प्रकरणातून २०१२ मध्ये चार परदेशी कंपन्यांसह सहा कंपन्यांवर दहा वर्षांची बंदी आली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्यात आहे, आणि तिच्याच भंडारा येथील कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोटात आठ कामगार गेले. पाटी बदलली.

किन्हीराजासारख्या आमच्या गावांतून सैन्यभरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले दिसतात. बाप सोयाबीनच्या भावाने गांजलेला, म्हणून पोराची दौड. तोफेत भरलेला गोळा नळीतच फुटावा की शत्रूवर, हे त्या मुलांचा ज्याच्याशी कधी परिचय होणार नाही अशा कुणा तपासनिसाच्या सहीवर ठरते. या सहीचे नाट्य मिलर यांनी ओळखले, हे त्यांचे थोरपण.

तरीही मिलर यांच्याबाबत एक तक्रार उरते. हरवलेल्या धाकट्या मुलाचे पत्र वाचले जाते, ते सारे वैमानिक आपलीच मुले होती हे केलरला उमगते आणि तो आत जाऊन स्वतःवर गोळी झाडतो. हिशेब घरातच मिटतो. प्रेक्षक हळहळत बाहेर पडतो तो बापासाठी. ज्या एकवीस जणांमुळे हे सारे घडले, त्यांतील एकाचेही नाव नाटकात येत नाही, एकाचीही आई अंगणात येऊन उभी राहत नाही. शॉ यांच्या नाटकात तर तोफेपुढचा माणूस संवादापुरताच उरतो. दोघांनीही कारखानदाराचे घर पाहिले, मेलेल्याचे नाही.

मराठी नाटककाराला ते घर शोधण्यासाठी लांब जावे लागणार नाही. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळच जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत आसपासच्या खेड्यांतून मजुरीवर आलेली माणसे होती. खड्डे खणणे, पेट्या वाहणे आणि उरलेल्या धातूचे तुकडे वेचणे, हे त्यांचे काम होते.